पानाचा खालचा भाग

त्या रविवारी वाचन होणार नाही असा निरोप आला आणि मला राग आला. भिंगारला आमच्या क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर एक एसटीडी बूथ आहे. तिथला नंबर आम्ही सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यारावळ्यांना देऊन ठेवला आहे. बूथवाले काका भर दुपारी जेवण सोडून आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमच्या त्या प्रोफेसर मित्राच्या माणसांचा फोन होता, पुणतांब्याहून. आज येऊ नका म्हणाले." एवढं सांगून ते गेले. मी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून निघायच्या तयारीत होतो. पुणतांबा म्हणजे दयानंदची सासुरवाडी; आदल्या दिवशी तिकडे गेलेला तो दुपारपर्यंत भिंगारला परतणार होता. मला वाटलं, आता हे महाशय गोदावरीच्या काठी मेव्हण्यांच्या गराड्यात बसून त्यांना गोष्टी सांगत असणार, आणि माझा रविवार वाया. माझी बायको सिंधू, तिला मी म्हणालोसुद्धा, "त्याला काय, कुठंही ऐकणारे मिळतात." संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी काका मला हाताला धरून बूथवर घेऊन गेले, आणि काचेच्या दाराआड मी दयानंदच्या बायकोच्या, सुवार्तावहिनींच्या, भावाचा आवाज ऐकला. दयानंद सकाळीच गेला होता... चर्चला जायचं म्हणून बूट घालायला खाटेवर बसला, तो तसाच आडवा झाला. दुपारचा फोनही तेच सांगायला केलेला होता. करणाऱ्याला "आज येऊ नका" याच्या पुढचं बोलवलं नव्हतं.

त्याच्या जाण्याला आता काही आठवडे झाले. त्याच्याविषयी या काळात बरंच बोललं गेलं, कॉलेजात शोकसभा झाली, पाळकसाहेबांनी त्याच्या वाणीवर प्रवचन केलं. सगळं खरं होतं. पण मी त्याच्यावर लिहायचं म्हणजे एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाही तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. मला दयानंदचा हेवा वाटायचा. अगदी त्याच्या मयतातही वाटला. नगरच्या कब्रस्तानात उभं राहायला जागा नव्हती, बी.ए.च्या मुली हुंदके देत होत्या, त्याच्याकडे कधीकाळी शिकलेला एक ट्रक ड्रायव्हर रुमालात तोंड खुपसून उभा होता. आणि मी, त्याचा सगळ्यात जुना मित्र, हातात माती घेऊन मनात म्हणत होतो की आपल्या वेळेला यातली निम्मीही माणसं येणार नाहीत. दयानंदला हे सांगितलं असतं तर तो खो खो हसला असता. म्हणून लिहायला हरकत नाही.

मी काष्टीचा. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबायचे, बाजाराच्या दिवशी वडील जनावरांच्या बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात कॅलेंडर सोडलं तर छापलेलं काही नव्हतं. शाळेतल्या गुरुजींनी वडिलांना समजावून मला नगरला कॉलेजात पाठवलं. गावातल्या आमच्या वस्तीतून बी.ए. झालेला मी पहिला, आणि त्यासाठी ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांचं ऋण मी मानतो. त्यात दयानंदचा हात सगळ्यात मोठा. इंग्रजी हा विषय मी घेतला खरा, पण वर्गात सर आळीपाळीने उतारा मोठ्याने वाचायला लावत तेव्हा मी ओळीओळीला अडखळायचो. माझी पाळी झाली की पुढच्या बाकावरचा दयानंद वाचायचा. घोगरा, सावकाश, कुठेही न अडणारा आवाज. आधी मी जिथे ठेचकाळलो होतो तोच शब्द पुढच्या परिच्छेदात आला की तो त्याच्यावरून सहज चालत जायचा. वर्ग सुटल्यावर त्याने स्वतःहून मला गाठलं आणि म्हणाला, "तुला अर्थ सगळा कळतो, मला दिसतंय. फक्त तोंड घाबरतं." पुढची तीन वर्षं त्याने माझं तोंड धीट केलं. पहिला वर्ग त्याला मिळाला, दुसरा मला. तो एम.ए. करून त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागला, मी भिंगारच्या लष्करी कचेरीत सिव्हिलियन क्लार्क झालो. दोघांचंही बरं चाललं. तरी त्याच्या दारावर 'प्रा.' लावलेली पाटी आली, त्या दिवशी तिथे पेढा खाताना तो माझ्या घशाखाली उतरेना.

त्याचा आवाज कुठून आला हे मला पुढे कळलं. दयानंदचे आजोबा खेड्यापाड्यांत फिरून शुभवर्तमान सांगणारे, वडील नगरला छापखान्यात कंपोझिटर. त्यांच्या घरी रोज दिवेलागणीला सगळे सतरंजीवर बसून शास्त्रवाचन करत, आणि त्याची रीत अशी की पुस्तक फिरत राहायचं, ज्याच्याकडे येईल त्याने मोठ्याने वाचायचं, मग तो सहा वर्षांचा का असेना. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही. चुकलं तरी नाही. प्रश्न असतील ते प्रार्थना झाल्यावर, चहाच्या वेळी. माझ्या घरी दिवेलागणीला भाकरी थापल्याचा आवाज असायचा आणि वडील दमून निजलेले असायचे. त्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. पण सहा वर्षांच्या दयानंदच्या मांडीवर ते जाड पुस्तक येऊन थांबतंय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की अजूनही आत काहीतरी टोचतं.

लग्नं झाली, आम्ही दोघं भिंगारात हाकेच्या अंतरावर राहायला आलो आणि तीच रीत त्याने कादंबऱ्यांना लावली. तो पुण्याला पेपर तपासायला गेला की जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून वीटभर जाडीची एखादी इंग्रजी कादंबरी घेऊन यायचा. समीक्षक ज्यांना उत्तर-आधुनिक म्हणतात, त्या जातीची. त्यात गोष्ट सरळ चालत नाही. लेखक मध्येच उठून सांगतो की हे सगळं मी रचतोय, विश्वास ठेवू नका. एक पात्र दुसऱ्या पात्राने लिहिलेली कादंबरी वाचत असतं आणि त्या कादंबरीत पहिलं पात्र मरून पडलेलं असतं. पानाच्या वरच्या भागात कथा, खालच्या भागात बारीक टाइपात टीपा, आणि कधी कधी टीपाच कथेला गिळून टाकायच्या. एकट्याने वाचलं असतं तर मी दहाव्या पानाला पुस्तक मिटून कचेरीचा रस्ता धरला असता. पण रविवारी दुपारी, चर्च आणि मटणाचं जेवण आटोपल्यावर, त्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं बसायचो. दयानंद खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत, मधल्या टेबलावर पुस्तक, सुवार्तावहिनी दिवाणावर मुलींच्या शाळेच्या वह्या तपासत. वहिनी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं लक्ष नाही असं वाटायचं, आणि चहाच्या वेळी नेमका त्यांचाच प्रश्न आम्हाला गप्प करायचा.

आणि मी स्टुलावर. हे स्टूल कसं माझ्या वाट्याला आलं तेही सांगतो. पहिल्या रविवारी रीतीप्रमाणे पुस्तक फिरलं. मी दोन पानं वाचली. कोणी टोकलं नाही, पण दिवाणावर वह्यांची पानं उलटायची थांबली होती आणि मला माझाच आवाज ऐकू यायला लागला होता. पान संपल्यावर दयानंद अगदी सहज म्हणाला, "किसन, आपण असं करू. या पुस्तकात दोन आवाज आहेत. वरचा मी वाचतो, खालच्या टीपा तू घे. एकाच्या तोंडी दोन्ही आले तर गोंधळ होतो." त्याचं बरोबर होतं. टीप लहान असायची, ती मी मनातल्या मनात एकदा घोळवून घेऊ शकायचो. त्याने माझी सोय केली, आणि ती सोय आहे असं न दाखवता केली. पुढच्या साऱ्या वर्षांत मी खालीच राहिलो. वाचता वाचता चांदणीची खूण आली की तो टेबलावर बोटाने एकदा टकटक करायचा, मी पुढे वाकून टीप वाचायचो, आणि तो पुन्हा वरून सुरू करायचा. स्टुलावरून मला पानाचा खालचाच भाग नीट दिसायचा. वरचा त्याच्या कोपराआड.

टीपा मी चांगल्या वाचायला लागलो. एक चिडका संपादक, एक विसराळू भाषांतरकार, असे आवाजही काढायचो, वहिनी हसायच्या. पण मला वरचं हवं होतं. वादळं वर होती, प्रेमं वर होती, माणसं मरायची ती वर. माझ्याकडे काय, तर अमुक गावाचं जुनं नाव तमुक होतं. एकदा दयानंदचा घसा पुरता बसला. निरोप आला तेव्हा खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी आदल्या दिवशी त्याच्याकडून पुस्तक मागून नेलं आणि पुढची सगळी पानं सिंधूसमोर मोठ्याने वाचून तयारी केली. ती भाजी निवडत म्हणाली, "त्यांचा घसा असाच राहूदे म्हणून नवस बोलू का?" रविवारी गेलो तर दयानंद गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसलेला. मी खुर्चीकडे पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं नाही. फुसफुसत्या आवाजात म्हणाला, "आज नुसता चहा घेऊ. तुझ्याशिवाय टीपा कोण वाचणार, आणि तू वर गेलास तर खाली कोण?" मला घरी येऊन सिंधूला सांगावं लागलं की वाचन झालंच नाही. तिने ताटात एक भाकरी जास्त वाढली.

चर्चेतही तेच व्हायचं. लेखक मध्येच गोष्ट थांबवून वाचकाशी बोलतो, हे काय नवीन, असं मी एकदा म्हणालो. आमच्याकडे जत्रेतल्या तमाशात सोंगाड्या राजाचं सोंग घेऊन उभा असतो आणि मध्येच समोर बसलेल्या पाटलाला विचारतो की तंबाखू आहे का, लोकांना राजाही खरा वाटतो आणि तंबाखूही. दयानंद खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागला. पुढे कॉलेजातल्या परिसंवादात त्याने हेच सांगितलं, "माझे मित्र किसनराव म्हणतात" असं स्पष्ट नाव घेऊन सांगितलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. टाळ्या पडल्या. विचार माझा, नाव माझं, आणि तरी मला वाटलं की तो त्याच्याच तोंडात शोभला. मी स्टेजवर जाऊन हेच बोललो असतो तर लोकांना फक्त तंबाखू आठवली असती.

सगळ्यात जास्त लागलं ते काष्टीला. दयानंद माझ्यासोबत एकदा गावी आला. आई ओट्यावर शेंगा फोडत होती, तो तिच्या शेजारी बसून शेंगा फोडायला लागला आणि आम्ही तेव्हा वाचत होतो ती कादंबरी तिला मराठीतून सांगायला लागला. परदेशातल्या बंदरावरची बाई, तिची खानावळ, तिच्या दोन वेगवेगळ्या आठवणी आणि त्यातली कुठली खरी ते तिलाच ठाऊक नाही. आईने कधी मला विचारलं नव्हतं की तू काय वाचतोस. त्या दिवशी दुपार कलली, शेंगा संपल्या, तरी ती हलेना.

"मंग त्या बाईचं पुढं काय झालं?" ती म्हणाली.

"पुढचं अजून वाचलं नाही, आई. किसनला माहीत असेल."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. "त्यो कुटं सांगतोय. तूच ये परत. आन् लवकर ये, मला लई घोर लागंल त्या बाईचा."

पुढे मी गावी गेलो की आई आधी विचारायची, दयानंदा न्हाई आला व्हय? मग माझी खुशाली. मीही सांगून पाहिली ती गोष्ट, तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाली, "त्यानं सांगितली तवा त्या बाईच्या खानावळीत वास येत हुता."

पण एक रविवार माझा होता. त्याच बाईच्या कादंबरीत मधोमध एक लग्नाचं जेवण आहे. पाहुणे टेबलाभोवती बसलेत, सूप वाढलंय, नवरीने दोनदा दाराकडे पाहिलंय, नवरदेवाचा पत्ता नाही. सूप निवत चाललंय आणि प्रत्येक पाहुणा त्याच्याविषयी काहीतरी वेगळंच सांगतोय. पानंच्या पानं असं चालतं. मग शेवटी, पानाच्या अगदी तळाला, वाक्य येतं की दार उघडलं आणि तो... दयानंदने पान उलटलं आणि वाचायला लागला : पाहुणे टेबलाभोवती बसले, सूप वाढलं. तो चार ओळी वाचून थबकला. पानाचा नंबर खाली असतो, माझ्या राज्यात. मी म्हणालो, "दयानंद, नंबर मागे गेलेत." आम्ही पुढे चाळून पाहिलं. तेच जेवण, तीच सोळा पानं, तेच नंबर, पुन्हा एकदा. आणि पुन्हा दार उघडतं आणि तो, यावर वाक्य तुटतं. त्याच्यापुढचं पान एकदम सोळा नंबर सोडून सुरू होतं, तेही अर्ध्या वाक्यापासून : नंतर तिने सगळ्या खिडक्या बदलून घेतल्या. आता ती म्हातारी आहे, नवरा मरून कैक वर्षं झालीत. तो कसा मेला त्याचा पुस्तकात कुठे उल्लेख नाही.

दयानंदने पुस्तक उचललं, मिटलं, त्याच्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. मला वाटलं विचार करतोय. मग म्हणाला, "तुला काय वाटतं?" आणि मी बोलायला लागलो. कधी नव्हे ते, न अडखळता. मी म्हणालो की हे जेवण आता होतच नाहीये, ते तिला आठवतंय. जे मध्ये घडलं ते तिला बघायचं नाही, म्हणून ती तिथवर येते आणि मागे फिरते, पुन्हा सूप वाढते, पुन्हा त्याला दारात आणते. वाक्य पुरं केलं तर तो आत येईल, आणि आत आला की एक दिवस मरेल. म्हणून लेखकाने त्याला दारातच ठेवलाय. पानांचे नंबरसुद्धा मागे नेलेत, म्हणजे पुस्तकालाच पुढे जायचं नाही. आणि पुढची सोळा पानं काढूनच टाकली, कारण ती तिने काढून टाकलीत. दिवाणावर वहिनींनी लाल पेन खाली ठेवलं होतं. दयानंदने पुस्तक टेबलावर ठेवून पुन्हा त्याच पानावर उघडलं. मग म्हणाला, "किसन, मला हे सुचलं नसतं." आणि त्याने ते जेवण दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, पहिल्या शब्दापासून, आणि या वेळी इतकं हळू वाचलं की दार उघडेपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून होतो.

'मला हे सुचलं नसतं' हे त्याचं वाक्य मी इतकी वर्षं खिशात घेऊन फिरलो. कचेरीत साहेबाने झापलं की बाहेर काढून पाहायचो. फक्त एका गोष्टीचा सल होता. सोंगाड्याची गोष्ट दयानंद दहा ठिकाणी सांगायचा, पण ही कधी कोणाला सांगितली नाही. मी एकदा आडून सुचवलंही, की पुढच्या परिसंवादात त्या जेवणावर बोल. तो म्हणाला, "नको. ते आपल्या घरातलं आहे." मला वाटलं, जे आपल्याला सुचलं नाही ते सांगायला जीभ रेटत नसेल. एवढी एकच जागा होती जिथे तो माझ्यावर जळत असेल असं मी धरून चाललो होतो, आणि ती जागा मला फार आवडायची.

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. मयतानंतर सांत्वनाला माणसांची रीघ होती, ती आता ओसरलीय. खोली तशीच. वेताच्या खुर्चीत मधोमध त्याच्या वजनाने खोलगट झालेलं, टेबलावर तीच जाड कादंबरी कोणीतरी शेल्फातून काढून ठेवलेली. वहिनी म्हणाल्या, रात्री झोप येत नाही म्हणून त्यांनीच काढली. मी पुस्तक उघडून ते जेवण शोधलं आणि बोलता बोलता म्हणालो की या लेखकाने ही पानं दोनदा छापायची हिंमत केली, कमाल आहे. वहिनींनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

"भाऊजी, तुम्हाला त्याने सांगितलं नाही कधी?"

"काय?"

"लेखकाने नाही केलं ते. बाइंडरने केलंय. एक फर्मा दोनदा शिवला गेला आणि त्याच्या पुढचा राहून गेला. दयानंद छापखान्यातल्या माणसाचा मुलगा, त्याला हात लावताक्षणी कळलं होतं. त्याच रात्री मला म्हणाला."

फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा. सोळा पानांचा. पुस्तकाच्या पाठीवरून फिरलेला तो अंगठा मला आठवला. मी विचारलं, मग तो बोलला का नाही, आणि मला सुचलं नसतं असं का म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "मीही विचारलं. तर म्हणाला, खरंच सुचलं नसतं, मला फक्त बाइंडर सुचला. पुढं एकदा पुण्याच्या लायब्ररीत त्याला याची धड प्रत दिसली. हातात घेतली आणि ती सोळा पानं न बघता परत ठेवून आला. घरी येऊन मला सांगितलं, किसनची प्रत चांगली आहे, तीच राहू दे."

हे ऐकून डोळे भरून आले असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण मला आधी आला तो राग. म्हणजे तो एक रविवारसुद्धा माझा नव्हता. तोही त्याने राखून ठेवला होता, माझ्यासाठी, माझ्या नकळत, आणि कोणा शहाण्याने हसू नये म्हणून चार भिंतींच्या बाहेर जाऊ दिला नव्हता. हुशारीत तो पुढे होता हे मी कधीच मान्य केलं होतं. आवाजात होता, माणसं जोडण्यात होता. आता चांगुलपणातही एवढा पुढे निघून गेला, आणि गाठायला म्हणून मागे काही ठेवलं नाही. जिवंत असता तर भांडलो असतो. मेलेल्या माणसाचा हेवा फार वाईट, त्याला उतार नाही.

मी उठायला लागलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वाचता का ते जेवण?" मी सवयीने स्टुलाकडे वळलो. त्या म्हणाल्या, "तिथं नाही. वरचं वाचायला कोण आहे आता? खुर्चीत बसा."

इतकी वर्षं जी खुर्ची मनात मागत होतो तिच्यात बसलो. खोलगट भाग माझ्या मापाचा नव्हता, मी एका बाजूला कलत होतो. खिडकीतून त्याला काय दिसायचं ते पहिल्यांदा दिसलं : एक कडुनिंब, शेजारच्यांची दोरी, तिच्यावर वाळत घातलेला युनिफॉर्म. मी वाचायला लागलो. पाहुणे बसले, सूप वाढलं. आवाज कापला नाही. चांगलं वाचतोय असं मला वाटत होतं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तो याहून हळू वाचायचा." मी हळू केलं. दुसऱ्या पानावर चांदणी आली आणि माझ्या बोटाने, मला न विचारता, टेबलावर टकटक केली.

स्टूल रिकामं होतं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो... मग मी उठलो, स्टुलावर जाऊन बसलो, पुढे वाकलो आणि टीप वाचली, त्या चिडक्या संपादकाच्या आवाजात. टीप संपल्यावर खुर्चीत परत गेलो नाही. तिथूनच मान तिरकी करून वरचं वाचायला लागलो. कोपर आडवं नव्हतं, पान आता सगळं दिसत होतं. वहिनींनी दिव्याचं बटण दाबलं.

नवरीने दाराकडे पाहिलं. सूप निवत गेलं. पाहुणे त्याच्याविषयी काय काय सांगत राहिले, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. पानाच्या तळाशी आलो : दार उघडलं आणि तो... मी थांबलो. वहिनींचे डोळे दाराकडे होते, खोलीच्या.

"अजून एकदा आहे ना?" त्या म्हणाल्या.

"आहे."

मी पान उलटलं. पाहुणे टेबलाभोवती बसले, सूप वाढलं, वाफा निघत होत्या. तो अजून यायचा होता.